एमबीबीएस करता करता बीए?

पत्र मराठवाड्यातून आलं आहे. लिहिणारी १९ वर्षांची. वडील एसटीत वाहक, आई अंगणवाडी सेविका, धाकटा भाऊ दहावीत. लातूरला राहून तिने नीटची तयारी केली, पहिल्या वर्षी गुण कमी पडले म्हणून रिपीट केलं आणि यंदा सरकारी कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागला. वर्ग सुरू व्हायला थोडेच दिवस आहेत. रिपीटच्या वर्षात हॉस्टेलवर ती नीटच्या पुस्तकांखाली लपवून इतिहास आणि मराठी साहित्य वाचत होती. आता तिला एमबीबीएसबरोबरच मुक्त विद्यापीठातून मराठी आणि इतिहास घेऊन बीए करायचं आहे. चुलतभाऊ सांगतो, २०२२ पासून दोन पदव्या एकदम करता येतात. वडील म्हणतात, ‘आर्ट्सच करायचं होतं तर दोन वर्षं लातूरला कशाला घातली?’ ती विचारते: ताई, हे नियमात बसतं का? झेपेल का? आणि आत्ता केलं नाही तर मी नुसत्या गोळ्या लिहून देणारी डॉक्टर होईन, ही भीती खोटी आहे का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, त्यात आजारपणाच्या पण आहेत.’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दीड पान नियम, वेळापत्रक, फी आणि बाबांचा राग. ओव्यांवर एकच ओळ, तीही सगळ्यात शेवटी, जाता जाता आठवल्यासारखी. मला तीच ओळ पत्राचा गाभा वाटली. तिच्याकडे मी परत येणार आहे. पण तू नियम आधी विचारलेस, म्हणून आधी ते.

चुलतभावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला मुभा दिली. एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन, अशी जोडीही त्यात बसते. मात्र जिथे व्यावसायिक परिषदांचे नियम लागू होतात तिथे तेही पाळावे लागतील, असं त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे. तुझ्या बाबतीत ती परिषद म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, आणि विद्यापीठ म्हणजे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. म्हणून बीएचा फॉर्म भरण्याआधी तुझ्या कॉलेजच्या विद्यार्थी विभागात लेखी अर्ज दे आणि उत्तरही लेखी घे. लपवून करू नकोस. तुझी मूळ कागदपत्रं प्रवेशाच्या वेळीच कॉलेजात जमा होतात. दुसरीकडे कधीतरी ती लागतात आणि मग ऐन परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते. प्रवेश घेण्याआधी सगळ्यांच्या दोन साक्षांकित प्रती काढून ठेव, हे बीए न करणाऱ्यांनाही सांगते.

आता ‘झेपेल का’. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी लागतेच. बीएच्या परीक्षेसाठी आठवडाभर वॉर्डातून गायब व्हायचं तर ते दिवस या हिशेबातूनच जाणार. दोन विद्यापीठांच्या परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर एक तारीख बदलून मागण्याची सोय तुझ्या हातात नसते.

परदेशातल्या काही विद्यापीठांत खरी जोडपदवी असते. सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात वैद्यक आणि कला एकत्र शिकता येतात. ब्रिटनमध्ये मेडिकलची मुलं मध्येच एक वर्ष बाजूला काढून दुसऱ्या एखाद्या विषयात पदवी घेतात. त्याला इंटरकलेशन म्हणतात. तिथे हे निभतं कारण दोन्ही विषयांचं वेळापत्रक एकाच विद्यापीठाने आखलेलं असतं आणि त्यासाठी जास्तीची वर्षं मोजून दिलेली असतात. आपल्याकडे ही जोडणी तुला एकटीला करायची आहे, आणि तुझ्या योजनेत मला एकच मोठी चूक दिसते: तू जास्तीची वर्षं मोजलेलीच नाहीस. तीन वर्षांत बीए, तेही फर्स्ट इयरपासून!

मी सरकारी कॉलेजात २८ वर्षं पीएसएम शिकवलं, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र. एका मुलाची आठवण सांगते. हुशार होता, बारावीत भरपूर गुण, वाचनाचं वेड. त्याने फर्स्ट इयरलाच बाहेरून बीएला नाव घातलं. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री हे तीन विषय १२ महिन्यांत उरकायचे असतात. सकाळी लेक्चर, मग डिसेक्शन हॉल, दुपारी प्रॅक्टिकल, आणि दर थोड्या दिवसांनी कसली ना कसली तोंडी परीक्षा. त्याच्या बीएच्या परीक्षा आणि आमच्या इंटरनल्स लागोपाठ आल्या. ॲनाटॉमी राहिली. सप्लिमेंटरीला तो बसला आणि पास झाला, पण दोन्हीकडचं मन उडालं. बीए सोडलं ते सोडलंच, आणि नंतर कितीतरी दिवस तो वाचायलाही घाबरायचा. पुस्तक हातात घेतलं की ‘याच्यामुळेच’ असं वाटायचं, हे त्याने मला इंटर्नशिपमध्ये सांगितलं. त्याचं वर्ष बुडालं नव्हतं. वाचनाची गोडी मात्र बुडाली होती, आणि मला त्याचंच अजून वाईट वाटतं.

म्हणून फर्स्ट इयरला बीए नको. एवढी एक गोष्ट मी तुला ठामपणे सांगते. बाकी सगळं तू ठरवायचं आहेस.

तुझ्या पत्रात तीन गोष्टी तू धरूनच चालली आहेस. त्या जरा उलटसुलट करून बघू.

पहिली म्हणजे, पदवी नसेल तर अभ्यास खरा नाही. हे तुला लातूरने शिकवलं असेल, आणि त्यात तुझा दोष नाही. दोन वर्षं ज्या गोष्टीला गुण नाहीत ती गोष्ट वाया, असंच ऐकलंस. बारावीला तू मराठीऐवजी आयटी घेतलंस, ‘स्कोअर होतो म्हणून’, हे तूच लिहिलं आहेस. आता मराठी परत हवीशी वाटते तर तीही गुणपत्रिकेच्याच वाटेने यावी असं तुला वाटतं. थोडं थांबून विचार कर: तुला बीए हवं आहे की मराठी हवी आहे? दोन्ही हवं असणं चूक नाही. पण उत्तर ‘मराठी’ असेल तर ती आज संध्याकाळपासून सुरू करता येते. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आता मोबाइलवर फुकट वाचायला मिळतो. तू ज्या शहरात जाणार आहेस तिथे जिल्हा ग्रंथालय असेलच.

आणि एक व्यावहारिक गोष्ट, जी तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. एमबीबीएस ही स्वतःच एक पदवी आहे. पुढे एमए करायचं तर अनेक ठिकाणी ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच अट असते. म्हणजे डॉक्टर झाल्यावर बीए न करताही तू थेट एमएच्या दारात उभी राहू शकतेस. मी स्वतः तसंच केलं, ४४ व्या वर्षी, बाहेरून, मराठीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात डॉक्टर आणि समाजशास्त्रवाले शेजारी बसतात. दिल्लीच्या जेएनयूत सामाजिक वैद्यक आणि समुदाय आरोग्याचं स्वतंत्र केंद्र आहे. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी ओळखलं जातं. तिथल्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण काळातली वस्ती खणून काढली. तिथे घरांच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुलं सापडली. त्या हाडांवरून मुलांचं वय, पोषण, आजार वाचायचे तर ॲनाटॉमी लागते. जो विषय तुला इतिहासाच्या आड येणारा वाटतो, त्याच विषयाने तिथे इतिहास वाचला जातो.

तरीही बीए निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. माझा अनुभव उलट आहे. एमएला मला पाया नसल्याचं फार जाणवलं. भाषाशास्त्र, साहित्यविचार, मध्ययुगीन मराठी हे सगळं बीएच्या मुलांनी निदान चाळलेलं होतं, मी पहिल्यांदाच बघत होते. पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आले. शिवाय मराठीत सलग तीन तास लिहायची सवय तुटलेली असते. त्यामुळे हळूहळू, पाच-सहा वर्षांत पसरून केलेलं बीए मला चांगलं वाटतं. इग्नूच्या तीन वर्षांच्या बीएला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात अभ्यास मराठीतून होतो, हा तुझ्यासाठी मोठा फायदा. तिथली मुदत आणि तुझ्या गावचं अभ्यासकेंद्र माहितीपत्रकात बघून घे.

दुसरी गोष्ट: डॉक्टरकी कोरडी आणि साहित्य ओलं. हे मला मान्य नाही, आणि मी ते थोडं रागावून म्हणते आहे, कारण दोन्हीकडचे लोक हे वाक्य सर्रास वापरतात. इतिहास हा काही मन रमवायचा विषय नाही. तो ‘कशावरून?’ असं विचारतो, पुरावा मागतो, दोन साधनं विरोधात गेली तर तुला रात्रभर बसवतो. आणि वैद्यक कोरडं असतं तर वॉर्डात पहिलं काम ‘हिस्टरी घे’ हे नसतं. पेशंटला काय होतंय, कधीपासून, आधी काय झालं होतं, घरी कोण आहे, हे त्याच्याच शब्दांत ऐकून घ्यायचं. ते नीट ऐकता येणारा डॉक्टर अर्ध्या तपासण्या वाचवतो.

गडचिरोलीचं उदाहरण देते, कारण आपल्या मातीतलं आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक काही ना काही त्रास होता, आणि त्यांतल्या फार थोड्यांनी आधी कधी उपचार घेतले होते. दवाखान्याच्या रजिस्टरात या बायका नव्हत्याच. त्या सापडल्या कारण कोणीतरी गावात जाऊन, त्यांच्यात बसून, त्यांना कळेल अशा बोलीत विचारलं. आता सांग, हे काम वैद्यकाचं की भाषेचं? मला त्यातली रेघ सापडत नाही.

अशी माणसं आपल्याकडे आजची नाहीत. भाऊ दाजी लाड आधी एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं तसे ते तिथे शिरले आणि १८५१ साली पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. वैद्यकी करता करता त्यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले, जुनी नाणी आणि हस्तलिखितं जमवली, आणि कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. मुंबईला गेलीस तर आवर्जून बघ.

तिसरी गोष्ट: आत्ता नाही तर कधीच नाही. १९ व्या वर्षी असं वाटतंच. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. नाटक त्यांनी कॉलेजपासून केलं, पण दवाखाना सोडून पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, वयाच्या चाळिशीनंतर. मधली वर्षं नाटक हातातून सुटू दिलं नाही, एवढंच त्यांनी केलं. तुलाही सध्या तेवढंच करायचं आहे.

मग वर्षं कशी मांडायची? फर्स्ट इयरला वही आणि ग्रंथालयाचं कार्ड. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास, झोपेतून न काढता. पहिल्या दिवसांत फाउंडेशन कोर्स असतो, त्यात भाषेचे तासही असतात. मुलं ते टाळतात, तू टाळू नकोस. एटकॉम म्हणून एक भाग आहे, वृत्ती, नीती आणि संवाद यांचा. २०१९ पासून तो अभ्यासक्रमात आला. त्यात पहिल्याच वर्षी देहदानाने मिळालेल्या शरीराकडे कसं बघायचं हेही असतं. डिसेक्शन हॉलमधल्या पहिल्या दिवसाबद्दल त्याच रात्री मराठीत लिही, कितीही दमली असलीस तरी. नंतर ती नजर सवयीची होते आणि पहिल्या दिवसाचं काही परत मिळत नाही.

फर्स्ट इयर सुटलं की बीएचा अर्ज भर, कमीत कमी विषय घेऊन. सेकंड इयरला पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्मकॉलॉजी. वाचायला खूप, पण दिवस जरा हाताशी येतो. पीएसएममध्ये तुला फर्स्ट इयरपासूनच गावातली काही कुटुंबं सोपवलेली असतील, फॅमिली ॲडॉप्शन म्हणतात त्याला. बरीच मुलं फॉर्म भरून मोकळी होतात. तू त्या घरांत ओट्यावर बस. तिथे इतिहास, मराठी आणि आरोग्य असे तीन वेगळे तास नसतात. पुढे इलेक्टिव्हचे थोडे दिवस मिळतात, तेव्हा काय निवडायचं याचा विचार आधीपासून करून ठेव. शेवटच्या दीड वर्षात, मेडिसिन, सर्जरी, गायनॅक आणि पीडियाट्रिक्स चालू असताना, बीए खुशाल बंद ठेव. मुदत त्यासाठीच आहे. इंटर्नशिपमध्ये मोकळीक मिळेल असं समजू नकोस, तेव्हा सगळे पीजीच्या नीटला लागलेले असतात. त्यानंतर सरकारी कॉलेजच्या मुलांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली तर संध्याकाळी ओपीडी संपल्यावर गावात वेळ असतो. बीएचं राहिलेलं वर्ष मी तिथे ठेवलं असतं.

थांबायचं कधी, हेही आत्ताच ठरव. एखाद्या इंटरनलला मागे पडलीस, किंवा हजेरी काठावर आली, की त्या सत्रात बीए बाजूला. वाद नको, अपराधी वाटणं नको. ते परत उचलता येतं.

आता बाबा. त्यांचं वाक्य तू असं लिहिलंस की मला ते कठोर वाटावं. मला ते घाबरलेलं वाटलं. वाहकाच्या पगारात लातूरची दोन वर्षं, हॉस्टेल, क्लास, टेस्ट सिरीज. घरात कोणी डॉक्टर नाही. आणि ‘आर्ट्स’ या शब्दाचा आपल्या गावांत अर्थ काय, तर जिथे नंबर लागला नाही तो जातो ती जागा. त्यांना भाषेचा राग नाही. त्यांची आईच ओव्या म्हणते ना? त्यांना भीती आहे ती तुझ्या नापास होण्याची. तेव्हा त्यांना कलेचं महत्त्व पटवत बसू नकोस. त्यांना एवढंच सांग: फर्स्ट इयर पूर्ण सुटेपर्यंत मी बीएचं नाव काढणार नाही, तुम्ही निकाल बघा, मग फॉर्मच्या फीसाठी तुमच्याकडे येईन. आणि शब्द पाळ.

हे वाचणाऱ्या अकरावीच्या मुलामुलींसाठी थोडंसं: डॉक्टर व्हायचं म्हणून दुसरी भाषा सोडू नका. नीटचा निकाल त्याने फारसा हलत नाही, आणि सुटलेली भाषा परत धरायला वर्षं जातात. परदेशी जोडपदवीचं बघत असाल आणि पुढे भारतात प्रॅक्टिस करायची असेल, तर वैद्यकाचा भाग किमान ५४ महिन्यांचा आणि त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप असायला हवी, हा २०२१ चा नियम आधी वाचा, मग खर्चाचा हिशेब करा. पालकांनी मात्र मुलांच्या उशाखालची पुस्तकं काढून घेऊ नयेत. रिपीटच्या वर्षात त्या पुस्तकांनी एखाद्या मुलीला उभं धरलेलं असतं.

आणि आता तुझी शेवटची ओळ. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या बायका तुझ्या आजीसारख्याच होत्या. कॉलेज सुरू व्हायला जे थोडे दिवस उरले आहेत ते आजीजवळ काढ. ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड कर, पण लिहूनही घे, तिला विचारून, तिच्या उच्चारात, ‘शुद्ध’ न करता. त्यातल्या आजारपणाच्या ओव्या वेगळ्या काढ. वहीच्या पानाचे दोन रकाने कर. डावीकडे दुखण्याला आजी जो शब्द वापरते तो, आणि तो कुठल्या ओवीत आला ते. उजवा रकाना मोकळा ठेव. पॅथॉलॉजी सुरू झाली की तो थोडा थोडा भरू लागेल. काही शब्दांपुढे तो शेवटपर्यंत मोकळाच राहील. ते शब्द मला लिहून पाठव.